पन्नास ब्लँकेटं, बासष्ट घरं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघाच्या सेक्रेटरी लिहितात:

«आमची मंडळी लहान आहे, चाळीस कुटुंबांची. गेल्या नाताळाआधी आम्ही चौदा किलोमीटरवरच्या एका कोलाम पोडावर (आदिवासी वस्तीवर) पन्नास ब्लँकेटं घेऊन गेलो. घरं निघाली बासष्ट. सकाळी अकराचं वाटप होतं. रेटारेटी झाली, दोन बायांचं भांडण लागलं, पोडाचे नाईक (प्रमुख) उठून गेले. वाटपाआधी दोन गीतं आणि छोटा संदेश झाला होता. तरुण संघाच्या मुलांनी फोटो फेसबुकवर टाकले. आठ दिवसांत शेजारच्या गावची पोरं आली आणि 'धर्म बदलायला आलात का' म्हणून विचारू लागली. काही ब्लँकेटं बाजारात विकली गेल्याचंही कानावर आलं. यंदा चाळीस हजार रुपये जमलेत. कुणी म्हणतं जेवण द्या, कुणी म्हणतं आरोग्य शिबिर घ्या, कुणी म्हणतं त्या पोडावर परत पाऊल टाकायचं नाही. अमेरिकेतली माझी नणंद तीनशे डॉलर पाठवते म्हणते, ते घ्यावेत का? आम्ही काय करावं?»

ताई, जय ख्रिस्त.

पोडावर परत जा. पण यंदा ब्लँकेटं नेऊ नका, पंगत मांडू नका, आणि शिबिरही स्वतःच्या भरवशावर घेऊ नका. चाळीस हजारांत याहून पुष्कळ होतं. त्यासाठी पोडाचं वर्ष कसं चालतं ते आधी पाहावं लागेल, कारण गेल्या वर्षीच्या गडबडीचं निम्मं कारण तिथं आहे.

डिसेंबरात पऱ्हाटी (कापूस) फुटलेली असते आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अकराला वाटप ठेवलं की आलेल्या प्रत्येक बाईची अर्ध्या दिवसाची वेचणी बुडाली. ज्या आल्याच नाहीत, त्यांच्यात खऱ्या अडलेल्या बाया असणार, कारण त्यांना अर्धा दिवसही सोडवत नाही. शिवाय वेचणीच्या दिवसांत घरात थोडाफार पैसा खेळता असतो. चूल अडते ती जुलै ते सप्टेंबर. पेरणीत हात रिकामा झालेला, निंदणाची कामं पावसाच्या मर्जीवर, सोयाबीन अजून शेंगेत, कापसाचा पहिला वेचा दसरा-दिवाळीकडे. त्यात जूनअखेर शाळा उघडते तो वह्या-दप्तराचा खर्च. तुमचा सण डिसेंबरात असला तरी त्यांची तंगी ऑगस्टात असते, आणि मदत ऑगस्टात लागते.

दुसरं कारण भांडणाचं. सणाचं देणं घरोघरी सारखं असतं. दिवाळीचा फराळ शेजारी पाठवताना कोण किती गरीब हे कुणी मोजत नाही. गरजेचं देणं सारखं नसतं, ते निवडून द्यावं लागतं. तुम्ही ब्लँकेटं नाताळाच्या नावानं नेलीत, म्हणून लोकांनी ती सणाची मानली. मग बारा घरं का वगळली, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. ही दोन देणी एका दिवशी एका ठिकाणी कधीच एकत्र करू नका.

यंदाच्या नाताळात एवढंच करा: नाईकांनी या म्हटलं तर संध्याकाळी सहानंतर, बाया वावरातून आल्यावर, चावडीवर फराळ घेऊन जा. बासष्ट घरांना सत्तर पुडे, प्रत्येकी पाव किलो करंज्या-शंकरपाळे. एकूण साडेसतरा किलो होतात. महिला संघाच्या दहा घरांनी पावणेदोन किलो केलं की झालं. चाळीस हजारांना हात लावायची गरज नाही. आठ पुडे जास्तीचे अशासाठी, की माहेरपणाला आलेली, बाहेरगावी कामाला गेलेली आणि एका छपराखाली दोन चुली मांडलेली घरं मोजणीत नेहमी सुटतात.

त्याआधी, म्हणजे या महिन्यातच, रिकाम्या हातानं एकदा जाऊन या. तिघं पुरेत, त्यांत दोन बाया असाव्यात. आठवडी बाजाराचा दिवस किंवा दिवे लागल्यानंतरची वेळ बरी. पहिलं घर नाईकांचं. त्यांच्या पोडात, त्यांना न विचारता वाटप मांडलं गेलं, याचा त्यांना राग असणं साहजिक आहे. पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन 'आधी तुम्हाला विचारायला हवं होतं' असं सांगावं. सेक्रेटरीनं सांगून भागत नाही, ज्येष्ठानं ज्येष्ठाला सांगावं लागतं. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेतले गुरुजी आणि सरपंच. ग्रामपंचायतीला मंडळीच्या लेटरहेडवर पत्र द्या: ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, काय करणार, कोणत्या दिवशी, कोण येणार, फोन नंबर, आणि एक स्पष्ट वाक्य, की ही मदत कुठल्याही धर्माच्या अटीशिवाय आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या, एक प्रत पोलीस पाटलांना द्या. पुढं कुणी विचारायला आलं तर वाद घालायचा नाही, ही पोच दाखवायची. तरी आवाज चढला तर सामान उचलायचं, पोलीस पाटलांना फोन करायचा आणि दिवस बदलायचा. त्या दिवशी जिंकायला गेलात तर पोड मधल्या मध्ये भरडलं जातं. तुम्ही गाडीत बसून निघून याल, त्यांना त्याच गावात राहायचं आहे.

या फेऱ्यांत एक वही भरा. रकाने थोडे ठेवा: घराचा क्रमांक, कमावतं कोण, एकटी किंवा विधवा बाई आहे का, दिव्यांग कुणी आहे का, पाच वर्षांखालची मुलं किती, रेशन कार्ड कोणतं, कोणती पेन्शन चालू आहे, कोणता कागद अडला आहे. धर्म विचारू नका, जात फक्त दाखल्याचं काम असेल तिथं. आधार क्रमांक वहीत उतरवू नका. वही हरवली तर लोकांचं खातं उघडं पडतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मते तुमच्या पैशातला सर्वांत फळणारा रुपया कागदांवर खर्च होईल. विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना १,५०० रुपये सुरू झाले की वर्षाचे १८,००० होतात. ते सुरू करून द्यायला बसभाडं, सेतू केंद्राचं (सरकारी दाखले मिळतात तिथलं) शुल्क, झेरॉक्स, फोटो आणि बुडालेली मजुरी धरून पाचशे-सहाशे रुपये लागतात. एवढं देणारं ब्लँकेट कुठं मिळत नाही. ६५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, आणि पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसतं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत. उत्पन्नाची सध्याची मर्यादा तिथंच विचारून घ्या, आणि बाईला लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर तेही आधीच सांगा, कारण दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

प्रकरणं अडतात ती ठरावीक जागी. पहिली जागा मृत्यूचा दाखला. पोडावर माणूस घरी जातो आणि नोंद राहून जाते. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नवरा जाऊन चार वर्षं झालेल्या बाईचं काम इथूनच सुरू होतं: ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचं पत्र, प्रतिज्ञापत्र, मग आदेश, मग दाखला, मग कुठं निराधारचा अर्ज. याला महिने लागतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. पोडावर यापुढं कुणी गेलं तर २१ दिवसांत नोंद करायची, एवढं एक जरी तुमच्यामुळं अंगवळणी पडलं तरी पुढची कितीतरी प्रकरणं अडायची थांबतील.

दुसरी जागा नावाची. आधारवर 'लक्ष्मीबाई', रेशन कार्डावर 'लक्ष्मी', पासबुकावर 'लछमी'. आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग बाकीचे कागद त्याला जुळवा. उलट्या क्रमानं गेलात तर प्रत्येक कागद दोनदा करावा लागतो. तिसरी जागा बँक. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, आणि एकाहून जास्त खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात. बाई जुनं पासबुक घेऊन बँकेत खेटे घालते, पैसा मात्र कुठल्याशा शिबिरात उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात साचलेला असतो. 'पैसे येत नाहीत' अशी तक्रार आली की अर्जाआधी हे तपासा. खातं वापराविना बंद पडलं असेल तर केवायसी करून चालू करून घ्या. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरला की चालू पेन्शनही थांबते, म्हणून वहीत प्रत्येकीच्या नावापुढं ती तारीख लिहून ठेवा.

चौथी जागा अंगठ्याची. वेचणी करणाऱ्या बाईचा हात एकदा दिव्याखाली पाहा. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांची पेरं बारीक बारीक चिरलेली असतात, त्या भेगांत काळं भरलेलं असतं, रेषा पुसट झालेल्या. रेशनच्या यंत्रावर असा अंगठा उमटत नाही आणि ती रिकामी पिशवी घेऊन परत येते. हात गरम पाण्यानं धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं लावून पाहायची. नाहीच जमलं तर डोळ्याच्या बुबुळाची तपासणी किंवा कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. दुकानदाराला हे माहीत असतं, पण गर्दीत तो सांगत बसत नाही. महिन्यातून एकदा रेशनच्या दिवशी तुमच्यातल्या कुणीतरी तिथं नुसतं उभं राहावं, त्याचाही उपयोग होतो.

मुलांच्या जातीच्या दाखल्याचं काम जरा चिवट आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांची नोंद कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडते. एका भावकीतल्या एकाचा पुरावा निघाला की चुलत्यांच्या मुलांचीही वाट मोकळी होते, म्हणून अर्ज घरानुसार नाही, भावकीनुसार गोळा करा. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम जनमन योजनेतून घर, पाणी, रस्ता यांची कामं याच जमातींसाठी आहेत. तुमच्या भागातलं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पांढरकवड्याला असेल तर अशा प्रश्नांची यादी घेऊन महिन्यातून एकदा तिथं जा.

हे काम कुणी करायचं? मंडळीत एखादे निवृत्त गुरुजी किंवा कचेरीत नोकरी केलेली बाई असेल तर त्यांनाच हे द्या. महिन्यातून दोन संध्याकाळी चावडीवर बसायचं. मूळ कागद आपल्याकडं एक रात्रही ठेवायचे नाहीत. कुणाचा ओटीपी विचारायचा नाही, कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा नाही. 'मिळेलच' म्हणायचं नाही, 'अर्ज करू, पाठपुरावा करू' म्हणायचं.

आता ऑगस्टातली चूल. रेशनवर धान्य मिळतं: अंत्योदय कार्डाला महिना ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. म्हणून तुमच्या पिशवीत गहू-तांदूळ नको, त्याबरोबर खायला जे नसतं ते हवं. पाच माणसांच्या घराला महिन्याची भर म्हणून तूर डाळ २ किलो, तेल १ लिटर, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, आयोडीनयुक्त मीठ १ किलो. तालुक्याच्या ठोक दुकानात हे साडेसहाशेच्या आसपास बसेल. भाव त्या दिवशीचा धरा. पावसाळ्यात दमट लागणारे शेंगदाणे घेऊ नका, बुरशी धरलेला दाणा विषारी असतो. गूळ पाझरतो, तो वेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधा, नाहीतर डाळ खराब होते. बिस्किटं, नूडल्स नकोत. लहान बाळांसाठी दूध पावडरचे डबे आणि बाटल्या तर अजिबात नकोत. अनाथालय सोडून इतरांना त्या वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तशी ती असायलाच हवी: पोडावरच्या पाण्यात कालवलेली पावडर आणि नीट न उकळलेली बाटली बाळाला जुलाबात टाकते.

पंधरा घरं, ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने: १९,५०० रुपये. कोणती पंधरा, यावरून कुरकूर होणार. बायबलमधल्या पहिल्या मंडळीतही विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकूर झाली होती, आणि प्रेषितांनी त्यावर उपदेश न करता सात विश्वासू माणसं नेमली. तुम्हीही पाच जणांची समिती करा: मंडळीतले दोघं, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि पोडातली एक जाणती बाई. कसोटी आधी ठरवा, नावं मग घाला. घरात कमावतं माणूस नाही, एकटी बाई आणि लहान मुलं, दिव्यांग, एकटं म्हातारं माणूस, गेल्या वर्षभरात कर्ता माणूस गेलेलं घर. यादी चावडीवर मोठ्यानं वाचू नका. नाव राहिलेल्या घरानं विचारलं तर कसोटी सांगा, आणि त्यात ते बसत असेल तर तिथल्या तिथं नाव घाला.

पिशव्या गाडीत भरून नेण्यापेक्षा आणखी एक पद्धत आम्हाला जास्त पटते. पोडाजवळच्या किराणा दुकानदाराकडं पैसे आधी भरा आणि त्या घरांना वस्तूंची नावं व वजनं लिहिलेली, सहीशिक्क्याची चिठ्ठी द्या. बाई नेहमीच्या खरेदीसारखी जाते, घेऊन येते, कुणाच्या नजरेत येत नाही. बायबलमधली विधवा रूथ सरवा (कापणीनंतर पडलेली कणसं) वेचायला वावरात आली तेव्हा वावराचा मालक बवाज यानं गड्यांना सांगितलं होतं, की पेंढ्यांतली कणसं मुद्दाम मागं सोडा आणि तिला बोलू नका. घेताना तिला मान खाली घालावी लागू नये याची ती तजवीज होती. चिठ्ठीच्या पद्धतीत दोन गोष्टी बिघडतात. दुकानदार जुनी उधारी त्यातून वळती करतो, किंवा हलकी डाळ देतो. पहिल्यासाठी पैसे भरतानाच लेखी ठरवा, की चिठ्ठीतून उधारी कापायची नाही. दुसऱ्यासाठी डाळीचा नमुना आपल्याकडं ठेवा आणि पहिल्या आठवड्यात दोन घरी जाऊन वजन करून पाहा.

आरोग्य शिबिराबद्दल. एका दिवसाचं शिबिर घेऊन बीपीच्या सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर आठव्या दिवशी काय? त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्राचं पथक पोडावर येतं त्या दिवशी लोकांना गोळा करायचं, म्हाताऱ्यांना नेऊन आणायचं, एवढंच काम घ्या. तुमच्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी सोल्युबिलिटी चाचणी नुसती शंका सांगते. वाहक की रुग्ण हे प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनं ठरतं. पहिल्या चाचणीवरून कुणाला रुग्ण ठरवू नका, आणि निकाल कुणाचाही कुणाला सांगू नका. पोरीचं नाव फुटलं तर तिचं लग्न अडतं. रुग्णाला फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया सरकारी दवाखान्यातून मिळतं, पण गोळ्या आणायला आणि तपासणीला जायला भाडं नसतं. त्यासाठी ५,००० बाजूला ठेवा. थंडीनं आणि पाणी कमी प्यायल्यानं सिकलसेलच्या वेदना उसळतात. म्हणजे ब्लँकेटचा उपयोग कुठं असेल तर तो या घरांत. आशाताईंच्या हातून, गाजावाजा न करता, जाड आणि धुता येईल असं द्या.

जुने कपडे द्यायचा आग्रह मंडळीत होणारच. पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि फुल पँट तेवढ्या निवडा आणि जुलैत द्या, फवारणीसाठी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नये, त्या हातांनी खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊ नये, फवारणी झाली की साबणानं अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. आणि मळमळ, चक्कर, अंधारी सुरू झाली तर लगेच दवाखाना, औषधाचा डबा सोबत घेऊन, कारण डबा पाहिल्याशिवाय डॉक्टरांना विष कोणतं ते कळत नाही. फाटके, उसवलेले कपडे, बटणं गेलेले शर्ट परत पाठवा. विधवा आहे म्हणून पांढरं पातळ काढून ठेवू नका, रंगीत द्या.

आता उपासनेचा विषय. संदेश आणि वाटप एका ठिकाणी झालं, म्हणून पोरांनी तो प्रश्न विचारला. गीत गायल्यावर ब्लँकेट मिळालं, की बघणाऱ्याला गीत ही त्याची किंमत वाटते. मग तुम्ही मनात काहीही ठेवलेलं असो. आपल्या श्रद्धेचा प्रसार करायचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमानं दिला आहे, तो आहेच. पण भुकेल्या माणसाला 'नको' म्हणायची मोकळीक नसते, म्हणून त्याच्यासमोर दोन्ही एकदम ठेवणं आम्हाला बरोबर वाटत नाही. पिशवीत पत्रक नको, चिठ्ठीवर वचन नको. दिवस वेगळा, जागा वेगळी. कुणी आपणहून विचारलं, की तुम्ही हे का करता, तर लपवू नका, ख्रिस्तावरच्या प्रेमापोटी करतो असं सरळ सांगा आणि तिथं थांबा. उपासनेला यायचं म्हणाला तर वेळ सांगा, नाव लिहून घेऊ नका. आजाऱ्यानं प्रार्थना मागितली तर करा, पण गोळी बंद करा असा अर्थ निघेल असं एक अक्षर बोलू नका. साप चावलेल्याला तर प्रार्थनेसाठी एक मिनिटही थांबवायचं नाही. मुलांचे खेळ, वर्ग घ्यायचे असतील तर पालकांना विचारून, दोन मोठी माणसं कायम हजर ठेवून. कोठाऱ्याचा कुष्ठरोग दवाखाना किंवा उमरीचा मिशन दवाखाना यांचं नाव विदर्भात टिकलं ते दार रोज उघडं राहिलं म्हणून, आणि तिथं औषध घेताना कुणी कोणत्या धर्माचा हे कुणी विचारलं नाही म्हणून.

फोटोंबद्दल तरुण संघाशी बसून बोला. मुलांचा हेतू वाईट नव्हता. घेणाऱ्याचा चेहरा, घर, मूल, काहीच नको. गेल्या वर्षीचे फोटो आजच काढून टाका. दाखवायचंच असेल तर बिलं आणि पोच मंडळीच्या फलकावर लावा. मुलांच्या हाताला काम द्या: बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्यांना मोटरसायकलवर बँकेत नेऊन आणणं हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी करू शकत नाही. आणि काही ब्लँकेटं विकली गेली याचं मनाला लावून घेऊ नका. ज्या घरात ब्लँकेट आहे पण मीठ-तेल नाही, ते घर ब्लँकेटच विकेल. तेवढ्यावरून त्यांची गरज तुम्हाला कळली असं समजा.

हिशेब असा होतो: डाळ-तेल १९,५००, कागदांचं काम ८,०००, सिकलसेलचं भाडं ५,०००, उरले ७,५००. ते खर्चू नका. पावसाळ्यात एखादं घर पडतं, कुणाला रात्री यवतमाळला न्यावं लागतं, तेव्हा ते लागतील. खरेदीला दोन दुकानांचे भाव, पक्कं बिल, खजिनदार आणि आणखी एकाची सही, देणगीला ट्रस्टचीच पावती.

राहिले नणंदेचे तीनशे डॉलर. तिनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते पैसे परकीय देणगीत मोडतात. तुमच्या ट्रस्टकडं परकीय योगदान नियमन कायद्याची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी नसेल तर त्यांतला एक डॉलरही मंडळीला घेता येत नाही. नोंदणी असली तरी ते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत. तुमच्या स्वतःच्या खात्यात घेऊन मंडळीला वळते करणं हा मार्ग नाही; कुणी तो सुचवला तरी धरू नका. तिच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे तिच्या स्वतःच्या कमाईचे असतील तर ती परकीय देणगी धरली जात नाही. तेव्हा बँकेमार्फत घ्या, पावती द्या आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावा. पासपोर्ट कोणता ते तिला आधी विचारा. उत्तर येईपर्यंत खाते क्रमांक पाठवू नका.